सुटांचं लोकार्पण

मी पुतळ्याच्या कोटाचं वरचं बटण काढलं आणि शेंडे साहेब खुर्चीतून उठले.

“टेंभरे, हात लावू नका. अजून लोकार्पण व्हायचं आहे.”

“सर, बाही बघतोय फक्त. माप बघायला नको?”

“माप पाहुण्यांच्या हस्ते मिळाल्यावर बघा.”

पुतळा बाईचा होता, साडीच्या दुकानातून आणलेला. एका राइस मिलच्या ऑफिसात, एसी लावलेल्या खोलीत, असे सहा पुतळे ओळीनं उभे होते. सहाही जणींच्या अंगात आगीवर जायचे नवेकोरे सूट होते. कोट, पँट, हातमोजे, गमबूट आणि डोक्यावर हेल्मेट. एकीची नथ काढायची राहून गेली होती. आणि माझ्या फायर स्टेशनवर त्याच वेळी दोन जुने सूट खुंटीला लटकत होते. त्यांचं अस्तर फाटलं होतं आणि शिवण उसवली होती. आग लागली की ते कोणी घालायचे यावर पोरांची बोलाचाली व्हायची, कारण ते घालायला कोणीच तयार नसायचं.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेत अग्निशमन अधिकारी आहे. अजून नोकरीत आहे, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. माणसांची आणि संस्थेची नावंही बदलली आहेत. स्वभाव मात्र जसेच्या तसे ठेवलेत.

संस्थेचं नाव कर्तव्यवंदन प्रतिष्ठान. पोलीस, फायरमन, अॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, लाइनमन अशा लोकसेवकांचा सन्मान करायचा, हा तिचा उद्देश. अध्यक्ष प्रकाशसेठ, मिल त्यांचीच. माणूस वाईट नाही. आपल्या पैशातून काहीतरी चांगलं व्हावं आणि ते होताना आपला फोटो निघावा, एवढीच त्यांची अपेक्षा. संस्थेला वजन यावं म्हणून त्यांनी एक मार्गदर्शक मंडळ नेमलं. त्याचे प्रमुख शेंडे साहेब, पोलीस खात्यातून डीवायएसपी म्हणून रिटायर झालेले. फायरकडून मी. मार्गदर्शक म्हणजे ज्याचं नाव फ्लेक्सवर असतं आणि ज्याला मीटिंगमध्ये काजू मिळतात. त्याला कोणी काही विचारतं अशी माझी समजूत होती. ती पहिल्या दोन मीटिंगमध्येच गेली.

पहिली मीटिंग फ्लेक्सवर गेली. वर पोलिसांचं बोधचिन्ह घ्यायचं की फायरचं? शेंडे साहेब म्हणाले, पोलीस सीनियर खातं आहे. मी म्हणालो, सर, तुम्हीच घ्या. तर प्रकाशसेठना माझं वाईट वाटलं. म्हणाले, “नहीं, नहीं, टेंभरे साहब नाराज हो जायेंगे.” मी नाराज नव्हतो. शेवटी दोन फ्लेक्स करायचे ठरले. एकावर पोलीस वर, दुसऱ्यावर फायर वर. दुसरी मीटिंग शालीच्या रंगावर गेली. तिसऱ्या मीटिंगला मी सुटांचा विषय काढला.

“शाल-श्रीफळ द्या, नाही कोण म्हणतं? पण माझ्या माणसांना सूट द्या. शाल पांघरून आगीवर जाता येत नाही.”

प्रकाशसेठनी ते मनावर घेतलं, हे मान्य केलं पाहिजे. महिन्याभरात सूट आले. चांगले आले. तिरोड्याच्या वीज प्रकल्पात आम्ही मॉक ड्रिलला गेलो होतो, तिथल्या लोकांच्या अंगात पाहिले होते तसेच. मला इतका आनंद झाला की मी स्टेशनवर पेढे वाटले.

त्यानंतर सूट पुतळ्यांच्या अंगात गेले आणि तिथेच राहिले.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. आमच्या भागात दिवाळीच्या आगेमागे धान कापतात. कापलेल्या धानाचे भारे बांधतात आणि मळणी होईपर्यंत एकावर एक रचून घराएवढा ढीग करतात. त्याला पुंजणं म्हणतात. घरातलं वर्षभराचं सगळं त्या ढिगात असतं. एखादी विडी, विजेच्या तारेची एखादी ठिणगी, कधी भाऊबंदकीतला एखादा जळका स्वभाव, आणि पुंजणं पेटतं. या सीझनमध्ये मी कोणालाही रजा देत नाही.

पुंजण्याची आग फसवी असते. वरून पाणी मारलं की विझल्यासारखी दिसते. धूर कमी होतो, लोक टाळ्या वाजवतात. आत मात्र भारे निखाऱ्यासारखे धुमसत असतात. म्हणून ढीग उघडावा लागतो. एक जण जवळ जाऊन आकडीनं भारे ओढून काढतो आणि दुसरा त्यावर पाणी मारतो. पाण्याच्या पाइपच्या टोकाला जो पितळी तोंडाचा भाग असतो त्याला आम्ही ब्रांच म्हणतो. ब्रांच धरणारा आणि आकडी धरणारा, हे दोघं आगीच्या सगळ्यात जवळ असतात. भारा ओढला की आत हवा शिरते आणि ज्वाळा थेट अंगावर येते. सूट लागतो तो या क्षणाला.

सूट नसेल तर आमची माणसं काय करतात? बारदाना भिजवतात. बारदाना म्हणजे धान भरायचं तागाचं पोतं. ते ओलं करून खांद्यावर, पाठीवर घेतात. हात उघडेच राहतात, कारण पोत्याला बाह्या नसतात.

आमचा लीडिंग फायरमन मेश्राम. लीडिंग फायरमन म्हणजे क्रूचा म्होरक्या. आकडी नेहमी त्याच्याच हातात असते, कारण ती तो दुसऱ्याला देत नाही. एका पुंजण्यावरून परत आल्यावर त्यानं ओला बारदाना माझ्या टेबलासमोर जमिनीवर टाकला.

“साहेब, ते पुतळे आगीवर जाऊन राहिले का?”

“नाही रे.”

“मग त्याइले सूट कायले पाह्यजे? आमाले काऊन नाही देत?”

“लोकार्पण व्हायचं आहे.”

“म्हंजे का होते त्यानं? कापड जाड होते का?”

त्याच संध्याकाळी मी शेंडे साहेबांकडे गेलो.

“सर, सूट आधी वापरायला द्या. सत्कार मागाहून करा. सीझन चालू आहे.”

“टेंभरे, विचार करा. वापरले की मळणार. काजळी लागणार. पाहुण्यांच्या हातात काय काळे सूट द्यायचे?”

“धुऊन देऊ.”

“धुतलेला माल नवा म्हणून द्यायचा? हे पोलीस खात्यात शिकवलं नाही आम्हाला.”

“मग तारीख लवकर घ्या.”

“पाहुण्यांची तारीख मिळायला हवी ना. ते काय मोकळे बसलेत?”

पाहुणे नागपूरचे. माननीय होते. कशासाठी माननीय, ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण फ्लेक्सवर त्यांचं डोकं आमच्या बंबापेक्षा मोठं होतं. त्यांची तारीख दोनदा ठरली, दोनदा पुढे गेली. प्रत्येक वेळी शेंडे साहेबांनी माझ्या क्रूला शाळेच्या मैदानावर बोलावून रंगीत तालीम घेतली. डावा पाय आधी, स्टेजवर चढताना खाली बघायचं नाही, शाल घेताना मान एवढीच झुकवायची. आयुष्यभर बंदोबस्त लावलेला माणूस, त्याला मोकळी उभी असलेली माणसं बघवत नाहीत. तालमीत सूट नव्हते. सूट घातले तर घाम लागेल, म्हणून पोरं नुसती हात पसरून चालली. मेश्रामनं मला विचारलं, “साहेब, हे का नाटक हाये?” मी त्याला गप्प केलं, पण प्रश्न बरोबर होता.

मी मुख्याधिकाऱ्यांकडेही गेलो. नगर परिषदेत माझे साहेब तेच. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“टेंभरे, देणगी त्यांची, कार्यक्रम त्यांचा. आपण घाई केली तर बरं दिसत नाही.”

“सर, माणूस भाजला तर बरं दिसेल का?”

“तुम्ही फार टोकाचं बोलता,” ते म्हणाले आणि फोन उचलला. फोन वाजलेला नव्हता.

तिसरी तारीख पक्की झाली, एका रविवारची दुपार. शाळेच्या मैदानावर मंडप पडला. त्याच मंडपात रात्री वडशाच्या एका कंपनीचं नाटक होतं. बाहेरच्या वाचकांना सांगतो, दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकं होतात. हजारो लोक रात्रभर जागून बघतात. कंपनीतल्या नटांना इथे जी ओळख आहे ती माननीयांना सात जन्मांत मिळणार नाही. मंडप एकच, खर्च वाचतो, म्हणून प्रकाशसेठनी दुपारी सत्कार आणि रात्री नाटक असा बेत केला. नट मंडळी दुपारीच येऊन स्टेजमागे पत्ते खेळत बसली होती.

मी माझी व्यवस्था केली होती. बंब मंडपाबाहेर, तोंड रस्त्याकडे. क्रू मंडपात, पण शेवटच्या रांगेत आणि ड्रायव्हर बंबातच. कॉल आला तर सत्कार सोडून निघायचं, हे सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. सूट स्टेजवर पुतळ्यांच्या अंगात होते, त्यांच्यावर झेंडूच्या माळा होत्या. कॉल आला तर सूट काढून घालायचे, हेही मी सांगितलं होतं. या शेवटच्या गोष्टीला शेंडे साहेबांनी मान हलवली होती. ती हो म्हणून हलवली असं मी धरून चाललो.

मग त्यांनी मला कोहमाऱ्याला पाठवलं.

“पाहुणे सकाळी नागझिऱ्यात सफारीला गेलेत. तिथून हायवेनं येतील. तुम्ही फाट्यावर बुके घेऊन थांबा. युनिफॉर्ममधला ऑफिसर असला की फरक पडतो.”

“सर, क्रू इथे आहे. मी इथे थांबतो.”

“मी आहे ना इथे! तीस वर्षं काय गवत उपटलं मी?”

मुख्याधिकारी शेजारीच होते. ते म्हणाले, “जा हो टेंभरे.” मग मी गेलो.

कोहमाऱ्याच्या फाट्यावर, ढाब्याच्या खाटेशेजारी, मी हातात गुलाबांचा बुके घेऊन उभा राहिलो. ट्रकवाले थांबायचे, बघायचे, हसायचे. एका पंजाबी ड्रायव्हरनं विचारलं, “साहब, शादी है क्या?” पाहुण्यांचा फोन लागत नव्हता. शेवटी त्यांच्या माणसाचा लागला. वाघ दिसला होता, म्हणून उशीर झाला होता.

तेवढ्यात मेश्रामचा फोन आला.

“साहेब, पुंजण्याले आग. बिसेनच्या बांधीत. चार पुंजणे हायेत लागून लागून, एक पेटलं.”

“निघा. सूट घाला.”

“थेच तर सांगून राहिलो जी. शेंडे साहेब सूट देत नाही म्हणून राहिले.”

“फोन दे त्यांना.”

शेंडे साहेब फोनवर आले. मागे देशभक्तीची गाणी चालू होती.

“टेंभरे, पाहुणे निघाले का?”

“सर, सूट द्या पोरांना.”

“अहो, पाहुणे आता पाच मिनिटांत येतील. रिकामे पुतळे दाखवू का त्यांना? तुमची माणसं इतकी वर्षं सुटाशिवाय जातच होती ना? आजच्या दिवस जाऊ द्या.”

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर छापणार नाहीत. एवढंच सांगतो की माझ्या आवाजानं ढाब्यावरची माणसं जेवायची थांबली. शेंडे साहेबांनी फोन ठेवून दिला होता, हे मला माझं बोलून झाल्यावर कळलं.

मेश्रामला मी पुन्हा फोन लावला. मागे सायरन ऐकू येत होता.

“निघालो साहेब. वाद घालत बसलो तं पूर्ण जळून जाईन. बारदाने हायेत गाडीत.”

त्याचं बरोबर होतं. कॉल आल्यापासून बंब हलेपर्यंतच्या वेळेला आम्ही टर्नआउट म्हणतो आणि त्यावर आमची अब्रू असते. स्टेजवर कपड्यांसाठी भांडत बसायचं नसतं. मी माझ्या जीपच्या ड्रायव्हरला म्हटलं, गाडी वळव. आग गावाच्या पलीकडच्या बाजूला, बिसेनकाकांच्या बांधीत म्हणजे धानाच्या शेतात होती आणि मंडप वाटेवर. वाटेत सूट उचलायचे आणि पुढे जायचं, एवढंच डोक्यात होतं. बुके हातातच राहिला होता.

मंडपाशी पोचलो तर माननीयांची गाडी उभी. ते हायवेनं आलेच नव्हते, जंगलातल्या आतल्या रस्त्यानं आले होते. मला कळवायचं कोणाला सुचलं नाही. स्टेजवर निवेदक टिपेच्या सुरात ओरडत होता.

“आणि आता मंचावर येत आहेत आगीशी झुंजणारे, मृत्यूला आव्हान देणारे, आपल्या अग्निशमन दलाचे शूरवीर!”

मी थबकलो. माझे शूरवीर तर बिसेनच्या बांधीत होते. मग हे कोण?

विंगेतून सहा जण सूट घालून बाहेर आले. डावा पाय आधी. मान झुकवलेली नाही. चाल एकदम ऐटबाज, तालमीत माझ्या पोरांना जी कधीच जमली नाही तशी. पहिल्यानं हेल्मेट काढून प्रेक्षकांना मुजरा केला आणि मंडपात शिट्ट्यांचा पाऊस पडला.

“अरे, बंडूभाऊ! बंडूभाऊ होये थो!”

“हा तं परवाच्या नाटकात सासऱ्याच्या घराले आग लावते ना बे!”

होय, तोच. वडशाच्या कंपनीचा खलनायक. शेंडे साहेबांनी पुतळ्यांच्या अंगातले सूट काढले होते, आणि ते पत्ते खेळणाऱ्या नटांना घातले होते. पाहुण्यांना जिवंत माणसं हवीत, असं त्यांना वाटलं. पुढे पोलीस शिपायांची रांग होती, ती खरी होती. ते बिचारे हसू दाबत सावधानमध्ये उभे होते. मंचावर सहा बाया मात्र उघड्या, गळ्यात झेंडूच्या माळा घालून. कोणी तरी घाईघाईनं त्यांच्यावर पडदा ओढत होतं.

मला राग आला. आजही हे लिहिताना येतो. सूट द्यायला हरकत होती ती फक्त ज्यांचे ते होते त्यांना. बाकी बाईचा पुतळा चालत होता, नाटकातला आगलाव्या चालत होता.

मी बुके घेऊन सरळ स्टेजवर चढलो. निवेदकाला वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. तो म्हणाला, “टाळ्या!” टाळ्या पडल्या.

माननीयांच्या हातात शाल होती आणि ती बंडूभाऊच्या खांद्यावर निम्मी गेली होती. मी माईक बाजूला केला.

“सर, ही नाटकातली माणसं आहेत. सूट खरे आहेत. माझी खरी माणसं आत्ता आगीवर आहेत, पोती पांघरून. मला सूट न्यायचेत.”

माननीय शेंडे साहेबांकडे बघायला लागले. शेंडे साहेब माझ्या कानाशी आले. दात आवळून म्हणाले, “टेंभरे, खाली उतरा. दोन मिनिटं. फोटो झाला की न्या.”

“आता न्यायचेत.”

“शिस्त म्हणून काही असते!”

“ती आगीवर गेली आहे, सर.”

प्रकाशसेठ हात जोडून मध्ये आले. “साहब, एक फोटो, बस. इतना तो बनता है.” मुख्याधिकारी पहिल्या रांगेत मोबाइल बघत होते. फार मन लावून बघत होते.

वाद तिथे संपवला बंडूभाऊनं. त्यानं खांद्यावरची शाल काढून माननीयांच्याच खांद्यावर ठेवली आणि कोटाची बटणं सोडायला लागला.

“घ्या जी साहेब. मी तवाच म्हटलो याइले, हे कामाचे कपडे दिसते म्हून. मले म्हणे, तू फक्त उभा राय.”

मग बाकीचे पाचही जण तिथेच, दोन हजार डोळ्यांसमोर, बनियनवर आले. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी तोंड फिरवलं. लोकांनी नाटकापेक्षा जास्त टाळ्या वाजवल्या. नटांनीच सूट जीपमध्ये भरून दिले. बुके मी शेंडे साहेबांच्या हातात दिला, कारण तो धरून मला जीपमध्ये बसता येत नव्हतं.

बिसेनच्या बांधीत पोचलो तेव्हा पहिलं पुंजणं गेलं होतं. दुसऱ्यानं कड पकडली होती. पोरं खांद्यावर पोती घेऊन पाणी मारत होती, पोत्यांमधून वाफ निघत होती. मेश्राम बांधावर बसला होता. आकडी शेजारी पडली होती. त्यानं ती खाली ठेवलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

दोन्ही हात कोपरापासून खाली भाजले होते. त्यानं आतला भारा ओढला, आत हवा गेली आणि ज्वाळा आली. खांदे आणि पाठ पोत्यानं वाचवली. हातांवर काहीच नव्हतं. हातमोजे मंडपात होते.

“कधी झालं?” मी विचारलं.

“आत्ताच, साहेब. तुमी याच्या जरासं आंधी.”

त्या ‘जरासं’चं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही. कोहमाऱ्याला गेलो नसतो तर, फाट्यावर वाघाची बातमी ऐकत उभा नसतो तर, असा हिशेब करायला बसलो की शेवट शेंडे साहेबांच्या घरापाशी येतो. म्हणून मी तो करत नाही.

मेश्रामला माझ्याच जीपमधून दवाखान्यात पाठवलं. बाकीच्यांनी सूट चढवले. एका कोटाच्या कॉलरला नटाच्या तोंडाचा रंग लागला होता, एका हेल्मेटवर कुंकवाचा टिळा होता. पण कामाला सूट पक्के. पोरं त्या दिवशी पहिल्यांदा पुंजण्याच्या अगदी अंगाला भिडली. आकडी घातली, भारे ओढले, ज्वाळा आली आणि कोटावरून निघून गेली. दुसरं पुंजणं अर्धं वाचलं, तिसऱ्या-चौथ्याला धग लागली नाही. बिसेनकाका बांधावर उभे राहून बघत होते. सगळं निवल्यावर जवळ आले.

“असे कपडे होते तं आंधी काऊन नाही घातले त्या मेश्रामनं? मस्ती आली होती का त्याले?”

मी त्यांना खरं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नसता.

दोन दिवसांनी मला कारणे दाखवा नोटीस आली. लोकार्पणापूर्वी साहित्य परस्पर वापरात आणून मान्यवरांचा अवमान केल्याबद्दल खुलासा करावा, असं त्यात होतं. खाली मुख्याधिकाऱ्यांची सही. मी खुलाशात एकच शब्द लिहिला, ‘आग’. त्यावर पुढे काही झालं नाही. एका शब्दाच्या खुलाशावर काय शेरा मारायचा, हे बहुतेक कोणाला सुचलं नसावं. मार्गदर्शक मंडळातून मी बाहेर पडलो. राजीनाम्याची गरज लागली नाही, नव्या फ्लेक्सवरून माझं नाव आपोआप गेलं.

त्याच आठवड्यात मी दवाखान्यात मेश्रामजवळ बसलो होतो. त्याची बायको त्याला चमच्यानं वरण-भात भरवत होती. दोन्ही हात बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होते. पूर्ण बरे होतील, पण पकड पूर्वीसारखी येईल का, ते डॉक्टर सांगत नव्हते. पकड म्हणजे आकडी. आकडी म्हणजे त्याची नोकरी. बायकोला ते कळत होतं.

दारात शेंडे साहेब आले. मागे प्रकाशसेठ, त्यांच्यामागे फोटोग्राफर. शाल होती, नारळ होता. मला बघून शेंडे साहेब क्षणभर थांबले, मग मी खोलीत नाहीच असं समजून पुढे गेले.

“मेश्राम! आमच्या जिल्ह्याचा हिरो!” त्यांनी शाल पांघरायला घेतली. शाल पट्ट्यांना घासली आणि मेश्राम कळवळला. फोटोग्राफर म्हणाला, “सर, जरा हसतमुख.”

“बरं, ऐक,” शेंडे साहेब खाटेच्या कडेला टेकले. “तो कार्यक्रम अर्धवट राहिला. पाहुण्यांचं मन मोठं, ते पुन्हा यायला तयार आहेत. सूट ड्रायक्लीन करून घेऊ. पुढच्या रविवारी रीतसर लोकार्पण. आणि पहिला सूट तू घालून स्टेजवर यायचं. लोकांना खरा हिरो दिसला पाहिजे.”

प्रकाशसेठनी मान डोलावली. “पूरा गाँव देखेगा, मेश्रामजी.”

मेश्रामनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग दोन्ही हात हळूहळू वर केले, पट्ट्यांसकट, शेंडे साहेबांच्या तोंडासमोर.

“येतो जी साहेब. फक्त यावर बाही कशी चढवाची, थे तुमी येऊन दाखवा.”

फोटोग्राफरनं नेमका तेव्हाच फोटो काढला. तो कुठेच छापून आला नाही.

आता कोणी संस्था मला मार्गदर्शक म्हणून बोलवायला येते तेव्हा मी पहिल्याच भेटीत एक गोष्ट सांगतो. सूट भाजायच्या आधी घालायचा असतो. याउपर माझ्याकडे मार्गदर्शन नाही, आणि एवढं ऐकल्यावर बहुतेक जण चहा न घेताच उठतात.